पाहणाऱ्याचा वाटा

साठी ओलांडलेल्या आम्ही चौघी मैत्रिणी गेल्या मे महिन्यात रोमला जाऊन आलो. चौघीही बेळगावच्या, आणि चौघींचाही युरोपचा पहिलाच प्रवास. मुलं म्हणत होती, "एखाद्या टूर कंपनीबरोबर जा, बारा दिवसांत सहा-सात देश बघून व्हाल." पण आमच्यातली एक जण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवत आलेली. तिने ठणकावून सांगितलं, "एकच गाव बघायचं, पण नीट बघायचं." म्हणून सहा दिवस फक्त रोम.

चौघींची नावं इथे मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेल. वयाने सर्वांत मोठी ती आमची अक्का. शाळेतली ती बाई. तिसरी माझी एके काळची शेजारीण. आणि चौथी मी.

तयारी काय केली ते सांगायलाच नको. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, मेतकूट, खाकरे आणि कुणाला द्यायचा ते ठरलेलं नसताना कुंद्याचा एक डबा. अक्काच्या पिशवीत पाणी गाळायचं पांढरं फडकं. रोमच्या रस्त्यांवर जागोजागी पिण्याच्या पाण्याचे लोखंडी खांब आहेत. त्यांची तोटी वाकड्या नाकासारखी दिसते, म्हणून लोक त्यांना 'नासोनी', म्हणजे मोठ्या नाकाचे, म्हणतात. पाणी अखंड वाहत असतं. ते बघून अक्काचा जीव कासावीस व्हायचा. "अगं, बंद करायची सोयच नाही का ह्याला?" असं म्हणत ती पहिल्यांदा पाणी गाळून घ्यायची आणि मग प्यायची. जाणारे-येणारे थांबून बघायचे. मे महिन्यात तिथे सूर्य मावळायला सव्वाआठ-साडेआठ होतात, त्यामुळे दिवसाउजेडी जेवणाचा आमचा नियम बेळगावपेक्षा रोममध्येच आरामात पाळला गेला.

सेंट पीटरच्या चर्चमध्ये खांदे झाकल्याशिवाय सोडत नाहीत. दारात मुली रुमाल विकत घेत होत्या. आमचं काम पदराने आणि ओढणीने भागलं. पँथिऑनच्या घुमटाला मध्यभागी मोठं गोल भोक आहे, तिथून ऊन आणि पाऊस सरळ आत येतो. त्रेवीच्या कारंज्यात पाठ करून नाणं टाकलं की माणूस पुन्हा रोमला येतो म्हणतात. अक्काने विचारलं, "ह्या पैशांचं पुढे काय करतात?" ते गोळा करून गरिबांसाठी काम करणाऱ्या कारितास या संस्थेला देतात, असं बाईंनी सांगितल्यावर अक्काने आणखी एक नाणं टाकलं. "परत यायचं नाही मला. पण हे दान झालं."

चौथ्या दिवशी आम्ही कोलोसियमला गेलो, आणि तिथे आमच्यात पहिल्यांदा दोन पक्ष पडले.

मेट्रो स्टेशनच्या बाहेर पाऊल टाकलं की ती इमारत एकदम अंगावर येते. फोटोत कितीही वेळा बघितलेली असली तरी. जवळजवळ अठ्ठेचाळीस मीटर उंच, कमानीवर कमानी. तळमजल्यावर आत जायच्या ऐंशी कमानी होत्या आणि त्यांच्यावर आकडे कोरलेले, म्हणजे ज्याने त्याने आपल्या आकड्याच्या दारातून जायचं. त्यांतले काही आकडे आजही दिसतात. सम्राट व्हेस्पेशियनने बांधायला घेतलेली ही इमारत इ.स. 80 मध्ये त्याच्या मुलाने, टायटसने, खुली केली. तेव्हा शंभर दिवस खेळ चालले. खेळ म्हणजे माणसांनी माणसांना आणि जनावरांना मारण्याचे खेळ. कॅशियस डिओ नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे की त्या एका सोहळ्यात पाळीव आणि रानटी मिळून नऊ हजार जनावरं मारली गेली.

हे बाई बाहेरच सांगत होत्या. आकडा ऐकला आणि अक्का तिथल्या एका दगडावर बसली. "मी नाही येणार गे आत. तुम्ही जाऊन या, मी पिशव्या सांभाळते."

बाई म्हणाल्या, "अक्का, दीड हजार वर्षांपूर्वी बंद झालंय ते. आता तिथे नुसते दगड आहेत."

"दगडच बघायचे तर बेळगावचा किल्ला काय वाईट आहे? कत्तलखाना बघायला तिकीट काढून जायचं, वर 'वा, काय बांधलंय' म्हणायचं. म्हणजे अनुमोदनाच की."

शब्द अक्काने बरोबर वापरला होता. आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात की पाप तीन प्रकारांनी लागतं: स्वतः केलं तर, दुसऱ्याकडून करवलं तर, आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून बरं म्हटलं तर. कृत, कारित, अनुमोदना. जपमाळेचे एकशे आठ मणी का, हेही ह्याच हिशेबाने सांगतात. पाप करायचं मनात आणणं, त्याची तयारी करणं आणि ते सुरू करणं हे तीन. ते मनाने, वचनाने, कायेने. केलेलं, करवलेलं, अनुमोदलेलं. आणि क्रोध, मान, माया, लोभ या चार कषायांनी. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशे आठ. म्हणजे माळेतले बरोबर एक तृतीयांश, छत्तीस मणी, एकट्या अनुमोदनेचे. ज्याने हात उचललेला नाही, कुणाला सांगितलेलंही नाही, जो फक्त बघत उभा होता, त्याच्यासाठी छत्तीस मणी. मी रोज माळ ओढते, पण हा हिशेब मला त्या दिवसापर्यंत नुसता पाढा वाटत होता.

अक्काला बाहेर ठेवून आम्ही तिघी आत गेलो.

आत मधोमध जमीन नाही. वरची लाकडी जमीन केव्हाच गेली, त्यामुळे खालचं तळघर उघडं पडलं आहे: अरुंद बोळ, भिंती, कोठड्या. इथे जनावरं कोंडून ठेवायचे. गुलाम दोर ओढून पिंजरे वर चढवायचे, आणि वाळूतून झडप उघडून सिंह किंवा अस्वल एकदम लोकांसमोर यायचं. 'अरेना' हा शब्द आपण किती सहज वापरतो. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसती वाळू. रक्त शोषून घ्यायला पसरलेली वाळू.

गाईड एक तरुण इटालियन मुलगी होती. तिने बसायची व्यवस्था समजावून सांगितली. पन्नासेक हजार माणसं बसायची, बहुधा फुकट. सगळ्यांत पुढे सिनेटर, त्यांच्यामागे प्रतिष्ठित लोक, मग सामान्य नागरिक, मग गरीब. आणि तिने हात अगदी वर केला. "बायका तिथे. सगळ्यांत वर, लाकडी बाकांवर." मंदिरातल्या अग्निसेविका तेवढ्या पुढे बसायच्या. बाकी बायकांना जागा शेवटची. पण जागा होती.

बाई हसून म्हणाल्या, "इथेही आपल्याला माडीच."

माझी शेजारीण हसली नाही. वर बघत तिने अगदी साध्या आवाजात मला म्हटलं, "तूही वरच होतीस. माडीवर. पदर तोंडाला लावला होतास. मला वाटलं, हसतेस."

मला क्षणभर कळलंच नाही. आणि मग कळलं.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. शहापुरातल्या एका गल्लीत आमचा वाडा होता. मध्ये चौक, चारी बाजूंनी बिऱ्हाडं, वर माडी आणि माडीला लाकडी कठड्याचा सज्जा. मी वरच्या बिऱ्हाडात सून म्हणून येऊन दोन वर्षं झाली होती. ती खालच्या बिऱ्हाडात नवीनच आली होती. एक दिवस तिच्या सासूबाईंची चांदीची वाटी सापडेना. सासूबाईंनी सुनेची ट्रंक ओढत चौकात आणली आणि सगळ्यांदेखत एकेक कपडा काढून फरशीवर टाकायला लागल्या. ती खांबाला टेकून उभी. आम्ही सगळ्या बायका सज्जात. कुणी काही बोललं नाही. मी जागची हलणार तशी माझ्या सासूबाईंनी माझा दंड धरला आणि हळूच म्हणाल्या, "ज्याचं कर्म त्याच्याबरोबर. आपण बघायचं आणि गप्प राहायचं."

वाटी चार दिवसांनी पिठाच्या डब्यामागे सापडली. त्याचीही कुणी वाच्यता केली नाही.

त्यानंतर आम्ही दोघी चांगल्या मैत्रिणी झालो. तिची बाळंतपणं, माझ्या यजमानांचं आजारपण, सगळं एकमेकींच्या मदतीने पार पडलं. चाळीस वर्षांत तिने त्या दिवसाचा एकदाही उल्लेख केला नव्हता. मला वाटायचं, ती विसरली. खरं म्हणजे मला वाटायचं, मी विसरले.

मी तिला म्हटलं, "अगं, मी हसत नव्हते."

"नसशील," ती म्हणाली. "खालून कळत नाही."

मी हसत नव्हते, हे नक्की. पण मी रडत होते, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. एक गोष्ट मात्र मला पक्की आठवते. ट्रंकेतून सगळ्यांत शेवटी निघाली ती मोरपंखी साडी, तिच्या काठाला बारीक रुईफूल होतं. डोळे मिटले असते, आत गेले असते, तर मला तो काठ आठवला असता का? मी शेवटपर्यंत बघितलं होतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सासूबाईंचं वाक्य डोक्यात फिरत होतं. ते वाक्य खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. पण आपण तर हेच ऐकत आलो आहोत! आत्म्याचा स्वभाव ज्ञाता-द्रष्टा. जे घडतं ते जाणावं, पाहावं, त्यात गुंतू नये, राग-द्वेष करू नये. मग माडीवर गप्प उभी राहिलेली मी द्रष्टा होते की नुसती प्रेक्षक? दोघंही बघतात. दोघंही हात लावत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही. खालून कळत नाही, असं ती म्हणाली ते ह्याच अर्थाने खरं. पण फरक असलाच पाहिजे. नाहीतर कोलोसियममधले पन्नास हजार लोक सगळे साधूच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी मी बाईंना विचारलं की त्या काळच्या लोकांना हा प्रश्न पडला नव्हता का. बाई खुलल्या. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली सेनेकाची. कोलोसियम बांधण्याच्या आधीच्या पिढीतला हा तत्त्वज्ञ. एकदा दुपारच्या वेळी काही हलकीफुलकी करमणूक असेल म्हणून तो असे खेळ बघायला गेला, तर तिथे नुसती कत्तल चाललेली. त्याने मित्राला पत्रात लिहिलं की अशा गर्दीतून माणूस घरी परततो तो अधिक क्रूर होऊन. मेलेला तर मेलाच, पण बघणाराही जसा गेला तसा परत येत नाही.

दुसरी संत ऑगस्टीनच्या मित्राची, अलिपियसची. कायदा शिकायला तो रोमला आला होता. त्याला हे खेळ मुळीच आवडायचे नाहीत. पण मित्रांनी त्याला थट्टामस्करीत ओढतच नेलं. त्याने ठरवलं की शरीर नेलंत तरी डोळे माझे आहेत, आणि डोळे घट्ट मिटून बसला. पण मध्येच लोकांचा एवढा मोठा गलका उठला की कुतूहलाने त्याने डोळे उघडले. आणि मग ते त्याला मिटता येईनात. पुढे तो स्वतःहून जायला लागला, दुसऱ्यांनाही न्यायला लागला. त्यातून बाहेर पडायला त्याला बराच काळ लागला. बाई म्हणाल्या, "बघ, ऑगस्टीनने कान लक्षात घेतलेत. डोळे मिटता येतात. कानांना पापण्या नाहीत."

तिसरी टेलेमॅकस नावाच्या एका साधूची. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला तो पूर्वेकडून रोमला आला आणि खेळ चालू असताना खाली उतरून लढणाऱ्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. त्याला कुणी मारलं? लढणाऱ्यांनी नाही. प्रेक्षकांनी दगड मारून त्याला ठार केलं. त्यानंतर सम्राट होनोरियसने माणसांच्या झुंजी बंद केल्या, असं जुन्या ग्रंथात सांगितलं आहे. जनावरांना मारण्याचे खेळ मात्र पुढेही शंभरेक वर्षं चालले.

टेलेमॅकसची गोष्ट ऐकताना मला एकच विचार येत होता. त्याला उतरण्याची किंमत जिवाने द्यावी लागली. मला किती पडली असती? सासूबाईंचा चार दिवसांचा अबोला. माडीवरून चौकात यायला वीस पायऱ्या होत्या.

आणि मग मला आपलीच गोष्ट आठवली, जी मी शेकडो वेळा ऐकली आणि सांगितली आहे. बेळगावच्या किल्ल्यात कमलबस्ती आहे, रट्ट राजांच्या काळात 1204 साली बांधलेली. छतावर दगडी कमळ, आणि गाभाऱ्यात नेमिनाथ भगवानांची काळ्या पाषाणाची मूर्ती. नेमिकुमार लग्नाला निघाले, वाटेत कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश कानावर आला. त्यांनी सारथ्याला विचारलं, ही जनावरं का कोंडली आहेत? तो म्हणाला, तुमच्याच लग्नाच्या मेजवानीसाठी. नेमिकुमारांनी त्यांना सोडवलं आणि रथ वळवून गिरनारकडे निघाले. (राजुलचं काय, हा प्रश्न आपल्या बायकांच्या मनात येतोच, यायलाही हवा. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला सारथ्याच्या त्या उत्तरात सापडलं. 'तुमच्यासाठी.' नेमिकुमारांनी कुणाला मारलं नव्हतं, मारायला सांगितलं नव्हतं. पण जे चाललं होतं ते आपल्यासाठी चाललं आहे, हे कळल्यावर ते लांबचे साक्षी राहू शकले नाहीत.

प्रेक्षक आणि द्रष्टा यांच्यातला फरक हाच असावा. प्रेक्षक म्हणजे ज्याच्यासाठी खेळ मांडलेला असतो. तो उठून गेला तर खेळाला अर्थ उरत नाही. पन्नास हजार बाकं रिकामी असती तर कुठल्या सम्राटाने नऊ हजार जनावरं आणली असती? खालच्या सासूबाईंना ट्रंक तपासायचीच होती तर ती खोलीत, दार लावून तपासता आली असती. त्यांनी ती चौकात आणली, कारण चौकाला आम्ही होतो. आम्ही बघतो आहोत, म्हणून त्या साड्या एकेक करून, झटकून टाकत होत्या. मी तिथे काही केलं नाही असं चाळीस वर्षं समजत होते. मी खेळाला प्रेक्षक पुरवला होता.

द्रष्टेपणाची शिकवण खोटी नाही. पण ती पहिल्यांदा स्वतःच्या मनाला लावायची आहे. माझ्या मनात राग उठला, लोभ उठला, भीती उठली, ती मी अलिप्तपणे बघावी. त्या दिवशी सासूबाईंची भीती मनात उठली होती. ती बघितली असती तर कदाचित पाय हलले असते. मी उलट केलं. स्वतःच्या भीतीत पुरती गुंतले आणि दुसरीच्या दुःखाकडे अलिप्तपणे बघत राहिले. आपल्या दुखण्याला औषध आणि दुसऱ्याच्या दुखण्याला तत्त्वज्ञान, असं आपलं पुष्कळदा होतं.

तुम्ही म्हणाल, मग अक्काचं बरोबर होतं का? कोलोसियम बघायला जाऊच नये? मला तसं वाटत नाही. आज तिथे आपल्यासाठी कुणाला मारत नाहीत. उलट गेल्या पंचवीसेक वर्षांत कुठल्या देशाने फाशीची शिक्षा रद्द केली किंवा कुणाची फाशी टळली, की रात्री त्या इमारतीवर सोनेरी उजेड पाडण्याची प्रथा सुरू झाली आहे. दगडांना पाप लागत नाही. बाहेर रोमन योद्ध्याचा वेश घालून पैसे घेऊन फोटो काढू देणारे लोक असतात. मानेवर लाकडी तलवार ठेवून घेऊन हसत फोटो काढायचा की नाही, तिथे मात्र प्रत्येकीने आपल्या छत्तीस मण्यांचा विचार करावा. आणि घरी बसून फोनवर येणारे मारहाणीचे, कुणाच्या तरी फजितीचे व्हिडिओ आपण शेवटपर्यंत बघतो, वर चार ग्रुपांवर पाठवतो, तेव्हा तर तिकीटही लागत नाही. ते आपल्यासाठीच काढलेले असतात.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही दोघी टायबर नदीच्या कठड्याशी उभ्या होतो. मी तिला म्हटलं, "तेव्हा मी खाली यायला हवं होतं." ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. म्हणाली, "हो, यायला हवं होतंस." 'जाऊ दे गे' म्हणाली नाही, त्याचं मला बरं वाटलं. मग तिने पिशवीतून कुंद्याचा डबा काढला, आणि अर्धा मला दिला.

हे सगळं तिला वाचून दाखवून, तिच्या परवानगीनेच लिहिलं आहे.

वाडा आता नाही. तिथे अपार्टमेंट झालं आहे. लिफ्ट आहे, आणि सज्जाच्या जागी बाल्कन्या आहेत. परवा सकाळी खाली पार्किंगमध्ये आरडाओरडा ऐकू आला. एका घरात काम करणाऱ्या बाईंची पिशवी सगळ्यांसमोर उलटी करून बघत होते. बाल्कनीत चार-पाच जणी उभ्या होत्या. मीही कठड्याशी गेले, आणि मग चपला घालून खाली गेले. फार काही बोलले नाही. त्या बाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि खाली पडलेला डबा उचलून त्यांच्या हातात दिला. वर बघितलं, तर दोघी आत गेल्या होत्या. एक अजून उभी होती, पदर तोंडाला लावून. हसत होती की काय, ते मला खालून कळलं नाही.